सात दिवसांचा पाहुणा

मोप्याच्या विमानतळावर उतरणारा पाहुणा पेडणे तालुक्यात उतरतो, पण पेडण्यास येत नाही. हा शब्दच्छल नव्हे. ११ डिसेंबर २०२२ रोजी मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्‌घाटन झाले, ५ जानेवारी २०२३ पासून तेथून विमानांची ये-जा सुरू झाली आणि तेव्हापासून रोज हजारो माणसे मोप्याच्या सड्यावर पाय ठेवीत आहेत. ती टॅक्सीत बसतात, धारगळकडे जाणारा नवा रस्ता काही मिनिटांत ओलांडतात आणि कोलवाळचा पूल मागे टाकून बार्देशच्या किनाऱ्याकडे निघून जातात. ज्या गावांनी या विमानतळासाठी काजूची बने आणि गुरांची कुरणे दिली, त्या गावांची नावेही त्यांच्या कानांवर पडत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली ज्याची पर्यावरण परवानगी स्थगित ठेवली आणि २०२० साली काही अटींवर ती पुन्हा मोकळी केली, तो हा प्रकल्प. त्याच्या बाजूने आणि विरुद्ध जे काही बोलावयाचे ते बोलून झाले आहे. विमानतळ उभा आहे आणि तो राहणार आहे. प्रश्न उरला आहे तो एवढाच, की या दारातून येणाऱ्या पाहुण्याला घरात बसवावयाचे, की अंगणातूनच पुढे हाकावयाचे. आणि घरात बसवावयाचे तर कोणत्या रीतीने.

सरकारी आकड्यांप्रमाणे २०२४ साली गोव्यात एक कोटीहून अधिक पर्यटक आले. २०११ च्या जनगणनेनुसार आपली वस्ती साडेचौदा लाखांच्या घरात होती. म्हणजे एका यजमानामागे सात पाहुणे. कोणत्याही कुटुंबात एवढे पाहुणे आले तर गृहिणी प्रथम हे विचारील, की ते किती दिवस राहणार आहेत आणि कोठे निजणार आहेत. आपल्या पर्यटन धोरणात मात्र किती आले याचाच गजर अधिक होतो. ते काय पाहून गेले, कोणाच्या हाती चार पैसे देऊन गेले आणि मागे काय टाकून गेले, याचा हिशेब क्वचितच मांडला जातो.

अलीकडे आठवड्याभराच्या सहलीचा एक ठराविक साचा तयार झाला आहे. संस्कृती, समुद्र आणि साहस असे तीन शब्द त्या साच्यावर लिहिलेले असतात. प्रत्यक्षात चार दिवस कळंगुट-बागेच्या वाळूत जातात, एक सकाळ जुन्या गोव्याच्या चर्चमध्ये आणि दुपार फोंड्याच्या देवळांत, एक दिवस मसाल्याच्या बागेत, आणि एक रात्र मांडवीतल्या कॅसिनोत. साहस म्हणजे पाण्यावरच्या स्कूटरवर पंधरा मिनिटे. या कार्यक्रमात गोवा कोठे आहे, हा प्रश्न पाहुण्याने विचारावयाचा नसतो. त्याला तो सुचणारही नाही. तो आपण विचारावयाचा आहे. आम्ही आज ते तीन शब्द खरेच मानावयाचे ठरविले आहे. एखाद्या पाहुण्याने हातात सात दिवस घेऊन मोप्याला उतरावे आणि पेडणे व डिचोली हे दोनच तालुके पाहून परत जावे, असे म्हटले तर त्याच्या पदरी काय पडेल? आमच्या मते, पुष्कळ पडेल. मात्र हे ‘पुष्कळ’ आज ज्या अवस्थेत आहे, ती पाहता ते किती वर्षे टिकेल याची आम्हांस चिंता वाटते.

या दोन तालुक्यांचे वेगळेपण इतिहासाने घडविलेले आहे. तिसवाडी, बार्देश आणि सासष्टी सोळाव्या शतकातच पोर्तुगिजांच्या अमलाखाली गेली आणि तेथली देवळे पडली. डिचोली त्यांच्या हाती गेली ती १७८१ साली. सावंतवाडीकरांच्या ताब्यातले पेडणे १७८८ साली. तोवर धर्मांतराचा आणि मूर्तिभंजनाचा आवेश ओसरला होता. म्हणून या नव्या काबिजादींत देव आपापल्या जागी राहिले, गावऱ्हाटी राहिली, आणि मराठी कीर्तन, दशावतार, भजन यांची परंपरा अखंड राहिली. जुन्या काबिजादींतले कितीतरी देव नदी ओलांडून या बाजूला आश्रयाला आले. गोव्याची संस्कृती म्हणजे केवळ चर्चची घंटा आणि पोर्तुगीज बाल्कनी, असे चित्र जाहिरातीतून घेऊन आलेल्या माणसाला या दोन तालुक्यांत दुसरे, तितकेच खरे चित्र दिसते. ही दोन चित्रे एकमेकांची वैरी नाहीत. शिरगावची लईराई, मुळगावची केळबाई, मयेची महामाया, मोरजीची मोरजाई आणि म्हापशाची मिराबाई या बहिणी, अशी आपली लोककथा आहे. आणि ही मिराबाई म्हणजेच म्हापशाच्या चर्चमधली मिलाग्रिस सायबीण. तिला तेल वाहावयास आजही दोन्ही धर्मांचे लोक जातात. मोरजीच्या समुद्रापासून शिरगावच्या खाणीपर्यंतचा प्रदेश या बहिणींच्या नात्याने बांधलेला आहे. पाहुण्याला सात दिवसांचा नकाशा हवाच असेल, तर याहून चांगला नकाशा आम्हांला माहीत नाही.

आठवडा कोणता निवडावा? नाताळ आणि नववर्षाचा तर मुळीच नव्हे. कार्तिक शुद्ध नवमीपासून पौर्णिमेपर्यंतचा आठवडा आम्ही सुचवू. पाऊस गेलेला असतो, पण ओढ्यांचे पाणी आटलेले नसते. भाताची मळणी उरकलेली असते. समुद्र निवळतो. कार्तिकी एकादशीला साखळीजवळच्या विठ्ठलापुरात अभंगांचा गजर असतो. द्वादशीला घरोघर तुळशीचे लग्न लागते. आपल्याकडे या दिवसाला व्हडली दिवाळी म्हणतात. वृंदावनात ऊस आणि दिंड्याची काठी रोवतात, आवळे-चिंचा बांधतात, अंतरपाट धरतात. हा सोहळा कोणत्याही सभागृहात तिकीट लावून दाखविता येत नाही. तो अंगणातच पाहावा लागतो, आणि अंगणात जाण्यासाठी कोणीतरी ‘या, बसा’ म्हणावे लागते. आठवड्याचा शेवट त्रिपुरारी पौर्णिमेला विठ्ठलापुरात वाळवंटीच्या काठी होतो. त्रिपुरासुराचा वध होतो आणि लोकांनी महिनाभर खपून केलेल्या लहानमोठ्या नौका दिवे लावून पाण्यात सोडल्या जातात.

पहिला दिवस पेडणे शहराचा. भगवतीच्या देवळापुढचे ते दोन दगडी हत्ती, देशप्रभूंचा वाडा, बाजारातली तांबड्या भाताची पोती आणि हरमलची मिरची. या मिरचीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे, हे बाजारात ती विकत घेणाऱ्या कितीजणांना ठाऊक असेल कोण जाणे. तीन-साडेतीन आठवडे आधी आले तर कोजागिरीची पेडण्याची पुनव सापडते. पण पाहुण्याने त्या गर्दीत शिरण्यापूर्वी तिचा अर्थ समजून घ्यावा. ती यात्रा आहे, प्रदर्शन नव्हे.

दुसऱ्या दिवशी पत्रादेवीला जावे. महाराष्ट्राच्या सरहद्दीवर उभे असलेले हे स्मारक मुंबईहून रस्त्याने येणाऱ्या गाड्यांतून हजारो लोक ओलांडतात, पण थांबणारे थोडे. १५ ऑगस्ट १९५५ रोजी निःशस्त्र सत्याग्रहींवर येथे गोळ्या चालल्या. त्यांत पंजाबातून आलेला कर्नैलसिंग हा तरुण शिक्षकही होता. गोव्याच्या मुक्तीसाठी पंजाबातला तरुण आपले प्राण देतो, ही हकीकत आपण पंजाबातून येणाऱ्या पर्यटकालाही सांगत नाही. तेथून केरीला जावे, फेरीबोटीने तेरेखोल नदी ओलांडावी आणि किल्ल्यावर चढावे. सावंतवाडीकरांचा हा किल्ला १७४६ साली पोर्तुगिजांनी घेतला, आणि १५ ऑगस्ट १९५४ रोजी आल्फ्रेड आफोन्सो यांच्या नेतृत्वाखाली आलेल्या मूठभर सत्याग्रहींनी त्यावर तिरंगा फडकविला. तो एकच रात्र फडकला. पण त्या एका रात्रीचे मोल कमी नाही. तेरेखोल गाव गोव्याचे आहे, पण नदीच्या पलीकडे, महाराष्ट्राला चिकटून. याच लहानशा गावातल्या कुळांना आपली जमीन गोल्फच्या मैदानाखाली जाऊ नये म्हणून वर्षानुवर्षे झगडावे लागले. किल्ल्याच्या तटावरून खाली दिसणाऱ्या माडांच्या बनाकडे पाहताना पाहुण्याला हे कोणी सांगितले तर त्याला ते बन अधिक सुंदर दिसेल, अशी आमची समजूत आहे.

पुढचे दोन दिवस समुद्राचे, आणि इथे आम्हांला थोडे सविस्तर बोलावयाचे आहे. केरी, हरमल, मांद्रे, आश्वे, मोरजी हा पेडण्याचा किनारा. शिवोली आणि चोपडे यांच्यामध्ये फेरीबोट होती तोवर तो बार्देशच्या गजबजाटापासून अलिप्त राहिला. पूल झाला आणि अलिप्तपणा संपला. पूल नको होता असे आम्ही म्हणणार नाही; आजाऱ्याला म्हापशाला नेण्यासाठी फेरीबोटीची वाट पाहणे काय असते, हे पलीकडच्या लोकांनाच माहीत. परंतु पुलावरून रुग्णवाहिका येते, तसाच जमिनीचा दलालही येतो. हरमलला समुद्राच्या अगदी लगत डोंगराच्या कुशीत गोड्या पाण्याचे तळे आहे. निसर्गाचे असे देणे फार थोड्या किनाऱ्यांना लाभते. मोरजीच्या तेंबवाड्यावर नोव्हेंबरनंतर ऑलिव्ह रिडले जातीची कासवे रात्री वाळूत चढून अंडी घालतात. सुमारे पन्नास दिवसांनी पिल्ले बाहेर पडतात आणि पाण्यावरच्या मंद उजेडाच्या रोखाने समुद्राकडे धावतात. किनाऱ्यावर विजेचे झगझगीत दिवे असले की त्यांची दिशा चुकते आणि ती समुद्राऐवजी रस्त्याकडे चालू लागतात. गेली पंचवीसहून अधिक वर्षे वनखाते आणि तेंबवाड्याचे गावकरी ही घरटी राखीत आले आहेत. एकेकाळी जी अंडी खाल्ली जात, ती राखण्यासाठी तीच माणसे रात्री जागू लागली, हे परिवर्तन कोणत्याही महोत्सवापेक्षा मोठे आहे. पाहुण्याला ते पाहावयाचे असेल तर त्याने अंधारात, गप्प, दूर उभे राहावे. कासव अंडी घालीत असताना शंभर पावलांवर कर्ण्यातून संगीत वाजत असेल, तर त्या किनाऱ्यावर पर्यटन चालले आहे असे म्हणता येणार नाही. तेथे केवळ धंदा चालला आहे, आणि तोही मुद्दल खाऊन.

साहसाचेही तसेच. हरमल आणि केरीच्या पठारांवरून पॅराग्लायडिंग चालते. जानेवारी २०२५ मध्ये केरीच्या पठारावरून उडालेल्या एका पॅराग्लायडरला अपघात झाला आणि पर्यटक तरुणी व चालक दोघांनाही प्राण गमवावे लागले. परवाना कोणाचा, विमा कोणाचा, वारा कोणी पाहिला, हे प्रश्न नेहमीप्रमाणे नंतर विचारले गेले. पाहुण्याच्या जिवाची हमी देता येत नसेल तर साहसाची जाहिरात करण्याचा अधिकार आपल्याला नाही. ज्याला अंग मोडून काही करावयाचे आहे, त्याने पहाटे केरीहून निघून वाळूवाळूने मोरजीपर्यंत चालत यावे. ओहोटीची वेळ स्थानिक मच्छिमाराला विचारावी, खडकांवर सांभाळून पाय टाकावा. दिवस पुरतो, पायांना आठवण राहते.

पाचव्या दिवशी समुद्राकडे पाठ करावी आणि शापोरा नदीच्या काठाने आत शिरावे. आगरवाड्याची मिठागरे या दिवसांत अजून पाण्याखालीच असतात. मीठ पुढे उन्हाळ्यात पिकते. वर हळर्णला किल्ला आहे. १७४६ साली तो जिंकणाऱ्या व्हाइसरॉयने त्याच्या नावावरून ‘आलोर्नचा मार्केझ’ अशी पदवी मिरविली. पेडण्याच्या एका खेड्याचे नाव अशा रीतीने लिस्बनच्या दरबारात जाऊन पोहोचले. नदीच्या पलीकडे डिचोली तालुका लागतो. होळीनंतर ज्या साळ गावात तीन रात्री गडे रानात धावतात, ते गाव इकडचेच. गड्यांचा उत्सव आम्ही पाहुण्याच्या कार्यक्रमात मुद्दामच धरीत नाही. काही गोष्टी गावाच्या असतात. त्या पाहावयास येणाऱ्याने श्रद्धाळू म्हणून यावे, नाहीतर येऊ नये. शिरगावच्या लईराईच्या जत्रेचेही आमचे हेच मत आहे. वैशाख शुद्ध पंचमीला हजारो धोंड व्रतस्थ राहून होमकुंडातून जातात. मे २०२५ मध्ये त्या जत्रेतल्या चेंगराचेंगरीत भाविकांचे बळी गेले. गावच्या अरुंद वाटा आपल्याच माणसांना पुरत नाहीत, तेथे आणखी प्रेक्षक बोलावणे शहाणपणाचे नाही.

डिचोलीत आल्यावर मात्र पाहुण्याला एक विसंगती दिसेल आणि तो आपल्याला प्रश्न विचारील. मयेचे तळे त्याला आवडेल. तळ्याकाठी २०१९ पासून बंजी जंपिंगची सोय झाली आहे. उंचावरून दोरीला बांधून उडी घेण्याचा हा खेळ तरुणांना ओढून आणतो. पण तळ्याच्या भोवतालचे डोंगर असे कापल्यासारखे का दिसतात, असे त्याने विचारले तर आपण काय सांगणार? अर्धशतकाहून अधिक काळ या तालुक्याने लोहखनिज पुरविले. मांडवीतून बार्जी भरभरून मुरगावला गेल्या. २०१२ साली उत्खनन थांबले, काही काळाने सुरू झाले, आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीजांचे नूतनीकरण रद्द ठरविले. ट्रकमालक, बार्जवाले, गॅरेज आणि खानावळी चालविणारे, सारेच बसले. त्या काळात मंत्र्यांपासून सरपंचांपर्यंत प्रत्येकाच्या तोंडी एकच वाक्य होते: आता डिचोलीला पर्यटनाचा आधार. पुढे खाणपट्ट्यांचा लिलाव झाला आणि २०२४ साली डिचोलीत उत्खनन पुन्हा सुरू झाले. लिलावात गेलेल्या पट्ट्यात घरे, देवळे, तळी, शेते येतात म्हणून मये, मुळगाव, शिरगाव येथील ग्रामस्थांनी आवाज उठविला. ते चुकीचे बोलत होते असे आम्हांस वाटत नाही.

खाण सरसकट वाईट, असे म्हणणाऱ्यांतले आम्ही नव्हे. त्या धुळीतून कित्येक घरांच्या चुली पेटल्या आणि मुले शिकली. पण एकाच डोंगराचे दोन सौदे होऊ शकत नाहीत. वरचा सडा पावसाचे पाणी शोषून घेतो आणि वर्षभर खालच्या झऱ्यांना, विहिरींना, तळ्यांना पाजतो. तो खणला की विहिरी आटतात आणि गाळ शेतात येतो. शिरगावने आणि मुळगावने हे भोगले आहे. मयेच्या तळ्यावर नौकाविहाराची तिकिटे फाडावयाची आणि त्या तळ्याच्या माथ्यावरचा डोंगर लिलावात काढावयाचा, ही दोन्ही खाती एकाच सरकारची आहेत. त्यांनी निदान एकमेकांशी बोलावे. ज्या मयेकरांना मुक्तीनंतर अर्धशतक उलटले तरी आपल्या घराखालच्या जमिनीची मालकी मिळत नव्हती, ज्यांच्यासाठी २०१४ साली कुठे कायदा झाला, त्यांना आता त्याच गावात पर्यटनाचे यजमान व्हा असे सांगावयाचे, तर आधी त्यांचे घर त्यांचे आहे याची खात्री दिली पाहिजे.

मयेहून नार्वे फार दूर नाही, आणि सहाव्या दिवसाची संध्याकाळ आम्ही नार्व्यासाठीच राखून ठेवू. सप्तकोटेश्वर हे कदंबांचे कुलदैवत. मूळ स्थान दिवाडी बेटावर. ते उद्‌ध्वस्त झाल्यावर लिंग नदीपार आणले गेले, आणि १६६८ साली शिवछत्रपतींनी नार्व्यातल्या देवळाच्या जीर्णोद्धाराची आज्ञा दिली. तसा शिलालेख तेथे आहे. अलीकडे पुरातत्त्व खात्याने पुन्हा जीर्णोद्धार केला आणि २०२३ साली देऊळ भाविकांना खुले झाले. या कामाबद्दल सरकारला धन्यवाद दिले पाहिजेत, कारण धन्यवाद देण्याचे प्रसंग थोडे येतात. दर्शन झाल्यावर फेरीबोटीने मांडवी ओलांडून दिवाडीला जावे. ज्यांना उष्ण कटिबंधातल्या बेटाचे स्वप्न पडत असते, त्यांच्यासाठी आपल्याकडे खरेखुरे बेट आहे. तेथे समुद्राचे फेसाळ पाणी नाही, खाजन शेते आहेत, मानशी आहेत, आणि पलीकडच्या काठावर जुन्या गोव्याचे मनोरे दिसतात. ज्या देवाला हा काठ सोडून त्या काठावर जावे लागले, त्याची वाट आपण उलटी चालून आलो, हे ज्याच्या ध्यानात येईल त्याला गोव्याचा पाचशे वर्षांचा इतिहास निराळा शिकवावा लागणार नाही.

सातवा दिवस हरवळ्याचा. जांभ्या दगडात कोरलेली ती लेणी, आत शिवलिंगे. लोक त्यांना पांडवांची म्हणतात. जवळच रुद्रेश्वर आणि धबधबा. तेथून साखळी, आणि रात्री त्रिपुरारी.

असा हा आठवडा. त्यात एकही वस्तू नव्याने बांधावयाची नाही, हे वाचकांच्या लक्षात आले असेल. तरीही आज तो कोणा पाहुण्याला सुखाने करता येणार नाही. तो निजणार कोठे? पेडणे शहरात आणि डिचोलीच्या गावांत घरगुती मुक्कामाची सोय तुरळक आहे. जाणार कसा? टॅक्सीचे भाडे ऐकून मध्यमवर्गीय कुटुंब गप्प होते, आणि केरीहून हळर्णला किंवा हळर्णहून मयेला जावयाचे तर बसचा मेळ बसत नाही. कदंब महामंडळ १९८० पासून या राज्याचे रस्ते तुडवीत आहे. मोप्याहून पणजी-म्हापशाला त्याच्या बसगाड्या सुटतात, तशीच एखादी पेडणे, हळर्ण, साळ, डिचोली, मये, नार्वे, साखळी अशी का सुटू नये? तिचा उपयोग पाहुण्यापेक्षा कॉलेजात जाणाऱ्या मुलांना आणि बाजाराला येणाऱ्या बायकांनाच अधिक होईल. म्हणजे पाहुण्याच्या निमित्ताने घरच्यांचीही सोय. आम्ही नेमके असेच पर्यटन मागत आहोत.

याच्या उलट वाटही खुली आहे, आणि तिच्यावर पावले पडू लागली आहेत. डिसेंबर २०२४ मध्ये धारगळच्या माळावर मोठा संगीत महोत्सव भरला. गावात फूट पडली, प्रकरण न्यायालयात गेले, आणि तीन दिवस तालुक्याचे रस्ते गाड्यांनी तुंबले. किनाऱ्यालगतच्या डोंगरउतारांवर पायऱ्यापायऱ्यांनी व्हिला चढत आहेत. नगरनियोजन कायद्यातल्या ज्या ३९-अ कलमाने एकेका भूखंडाचा विभाग बदलण्याची मुभा दिली, त्याविरुद्ध गावोगावचे लोक रस्त्यावर आले. पाण्याची स्थिती अशी, की तिळारीचा कालवा फुटला की चांदेलच्या प्रकल्पावर अवलंबून असलेल्या पेडणेकरांचे नळ कोरडे पडतात. आणि त्याच पाण्याच्या भरवशावर तरणतलावांची हॉटेले मंजूर होतात. पन्नास वर्षांपूर्वी कळंगुट असेच होते: माड, होड्या, चार खोल्या भाड्याने देणारी चार घरे. तेथल्या लोकांनी काही वाईट ठरविले नव्हते. त्यांनी काहीच ठरविले नव्हते, एवढेच. त्यांच्यासाठी इतरांनी ठरविले. आज बार्देशच्या किनाऱ्यावर कोणती इमारत परवान्याची आणि कोणती बिगरपरवान्याची हे सांगता येत नाही, आणि डिसेंबर २०२५ मध्ये हडफडे येथील नाइट क्लबच्या आगीत २५ माणसे गुदमरून, होरपळून गेली तेव्हा चौकशीच्या फायली एका खात्याकडून दुसऱ्या खात्याकडे फिरू लागल्या.

पेडण्यापाशी ठरविण्यासाठी अजून वेळ आहे, पण तो विमानतळाच्या वेगाने संपत आहे. आमच्या मागण्या मोठ्या नाहीत. डोंगरउतार, खाजने, मिठागरे आणि देवराया कोणत्याही कलमाखाली रूपांतरित होणार नाहीत असे सरकारने एकदाचे जाहीर करावे. तेंबवाड्याच्या वाळूवर कासवांच्या हंगामात दिवे आणि कर्णे बंद राहतील याची जबाबदारी एका अधिकाऱ्याच्या नावावर टाकावी. खात्याच्या नव्हे, अधिकाऱ्याच्या. स्वतःच्या राहत्या घरात दोन खोल्या पाहुण्यांना देणाऱ्या गावकऱ्याला परवाना पंचायतीतच मिळावा आणि त्यासाठी त्याला पणजीच्या फेऱ्या घालाव्या लागू नयेत. आणि हीच सवलत दिल्ली-मुंबईहून येऊन बारा खोल्या बांधणाऱ्याने ‘घरगुती’ म्हणून लाटू नये. कोणत्या जत्रेला पाहुण्याने यावे आणि कोणत्या जत्रेला येऊ नये, हे ठरविण्याचा अधिकार त्या त्या देवस्थानच्या महाजनांना आणि ग्रामसभेला असावा, पर्यटन खात्याच्या दिनदर्शिकेला नव्हे. आणि एक अगदी लहान मागणी. येत्या त्रिपुरारीला विठ्ठलापुरात शेवटची नौका पाण्यात सुटेपर्यंत मध्यरात्र जवळ येते. त्यानंतर डिचोलीमार्गे पेडण्याला जाणारी एक बस त्या रात्री उभी असावी, एवढे तरी पर्यटन खात्याने आणि कदंब महामंडळाने एकत्र बसून आताच ठरवावे.